पटेल अशी हकीकत

आमच्या खेळात आई जिवंत असलेला एकही माणूस नव्हता. दादाच्या योद्ध्याचे आईबाप लुटारूंनी मारलेले. वहिनींचा एक कुऱ्हाडवाला बुटका होता, दाढी गुडघ्यापर्यंत, त्याचं अख्खं खानदान ड्रॅगननं एका रात्रीत जाळलेलं. मी म्हणायचे, "वहिनी, सासू-सासरे, दोन दीर, तीन नणंदा असं भरलं घर तुमचं, आणि इथं सगळ्यांना जाळून मोकळ्या झालात?" वहिनी फासे हातात खुळखुळवत म्हणायच्या, "म्हणूनच तर."

दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, वहिनी त्याची बायको. सेलूत त्याचं मेडिकल आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून वरच्या खोलीत आम्ही चौघं बसायचो, कडेला औषधांचे खोके रचलेले असायचे. खेळ पटावरचा नव्हे आणि मोबाइलवरचाही नव्हे. एक जण जग सांगतो, डोंगर, गुहा, राजे, राक्षस. बाकीचे त्या जगातला एकेक माणूस होतात आणि "मी दार ढकलते", "मी बाण मारते" असं तोंडानं सांगतात. जमलं का फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमच्या गल्लीतल्या बायकांना वाटायचं, वरती पत्ते चालतात. वाटू दे म्हटलं.

आमचा खेळ चालवायचा तो मूळचा पाथरीचा, सेलूत ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवणारा. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. त्याचा एक नियम होता आणि त्या नियमापुढं त्यानं सख्ख्या भावालाही सोडलं नसतं. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकानं आपल्या पात्राची मागची हकीकत सांगायची. कुठला, कुणाचा, घर का सोडलं. जगात जादू चालेल, उडणारे साप चालतील, पण हकीकत पटली पाहिजे.

आणि ती पटते का नाही हे तो कसं बघायचा, तर आमच्याकडं सोयरिकीला बघतात तसं. आमच्या भागात नवा माणूस भेटला की पाणी द्यायच्या आधी विचारतात, गाव कोणतं, मामा कुठले, आत्या कुठं दिली. दोन-तीन उत्तरांत माणूस उभा-आडवा कळतो. मास्तरनं तेच खेळाला लावलं होतं. दादाला त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं म्हणे, "तुझ्या योद्ध्याचा मामा कुठला?"

दादा म्हणाला, "डोंगरापलीकडचा."

"जिवंत हाय?"

"हाय की."

"मग भाचा अनाथ झाल्यावर मामानं ठिवून न्हाई घेतला? जंगलात कामून फिरायलाय ह्यो?"

दादाला मामाही मारावा लागला. तेव्हापासून आमच्या जगात सगळ्यांचे मामे मेलेले.

मी त्यांच्यात गेले ते वहिनींमुळं. सासर सोडून माहेरी येऊन मला बरेच महिने झाले होते. मी घराबाहेर पडत नव्हते. वहिनी एका रविवारी आल्या, माझ्या हातातली भाजी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, चला, तुमच्यासाठी एक तिरंदाज बाई मोकळी ठेवलीय." मी गेले. जिना चढताना पायातली चप्पल काढायची विसरले, एवढी माणसांत जायची सवय तुटली होती.

मास्तरला माझं काही माहीत नव्हतं. तो नवाच होता गावात. त्यानं सगळ्यांना विचारतो तसं मलाही विचारलं, "तुमची तिरंदाज कुठली? घर का सोडलं तिनं?"

मला काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, "नवऱ्याचं घर सोडून आली."

"का?"

"तो तिच्याशी बोलायचा नाही."

"आणि?"

"आणि काही नाही. बोलायचाच नाही."

मास्तरनं डोकं खाजवलं. "नाही हो, हे काही पटत नाही. एवढ्यावरून बाई जंगलात जाईल? आणि तो का बोलत नव्हता? त्याला कारण पाहिजे ना. कारणाशिवाय कुणी असं वागत नाही."

वहिनींनी मान खाली घातली. दादा खोक्यांकडं बघायला लागला. मी हसून म्हणाले, "बरं, मग नवरा राक्षस होता. अमावास्येला माणसं खायचा."

"आता कसं!" मास्तर खूश झाला. "आता पटलं."

अमावास्येला माणसं खाणारा नवरा पटतो बघा लोकांना.

माझा नवरा माणूस होता. परभणीत एका ऑफिसात कामाला, नीटनेटका, निर्व्यसनी, शर्टाची इस्त्री स्वतः करणारा. माझ्या हातचं निमूट जेवायचा, ताट स्वतः उचलायचा. त्यानं मला कधी शिवी दिली नाही. हात उगारला नाही. दुसरी कुणी नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं, खोटं का बोलू? तो फक्त माझ्याशी बोलत नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून नाही. शेजाऱ्याशी क्रिकेटवर तासभर बोलायचा, फोनवर खो-खो हसायचा, दूधवाल्याची चौकशी करायचा. मी समोर उभी असले तरी आईला सांगायचा, "तिला म्हणावं, चहा दे." मी चहा द्यायचे. तो घ्यायचा.

पहिल्यांदा वाटलं लाजाळू असेल. मग वाटलं रागावला असेल. मग मी माझ्यातच शोधायला लागले, माझा आवाज वाईट आहे का, तोंडाला वास येतो का, मी काही बोलले का. एक दिवस मी त्याच्यासमोर मुद्दाम काचेचा ग्लास फोडला. त्यानं तुकडे गोळा केले, माझ्या पायाजवळचेसुद्धा, मला लागू नये म्हणून माझी चप्पल पुढं सरकवली, आणि आत गेला. त्या दिवशी मी समजले. भांडण असतं तर मिटलं असतं. तिथं काही नव्हतंच मिटवायला.

मी पिशवी भरली आणि एसटीत बसले. सासूबाई दारापर्यंत आल्या, रडल्या, पण थांब म्हणाल्या नाहीत.

माहेरी आल्यावर सुरू झालं. पितो का? नाही. मारतो का? नाही. पैसे मागितले का? नाही. बाहेर काही लफडं? नाही. मग? या "मग?" नं माझा जीव नकोसा केला. कुणीही यायचं, बसायचं, माझ्या तोंडाकडं बघायचं आणि म्हणायचं, मग? काका म्हणाले पीत असणार, ही झाकायलीय. मावशी म्हणाली त्याच्यातच काहीतरी खोट असंल. वकील चष्मा पुसत म्हणाला, "ताई, नुसतं बोलत नाही हा मुद्दा कसा होईल? काहीतरी ठोस द्या." शेवटी दोघांच्या सहीनं फारकत झाली, गुपचूप.

आणि माझी आई! आईनं सगळ्या गल्लीला सांगितलं, सासूचा जाच होता. ती सासू, जी माझ्या डोक्याला तेल लावून द्यायची, माझं जेवण झाल्याशिवाय जेवायची नाही. मी आईशी भांडले, "खोटं कामून बोलायलीस?" आई म्हणाली, "लोकांला काय सांगू मग? सासूचा जाच म्हणलं की पुढं विचारत न्हाईत." तेही खरंच होतं. खरं सांगितलं की प्रश्न संपत नव्हते.

तर अशी मी, आणि समोर हा मास्तर. बोलणारा. देवा, किती बोलायचा तो माणूस! मेसवाल्या काकू आठवडाभर वांगंच कसं करतात. पाथरीची बस त्याला बघूनच कशी सुटते. गणितातला एखादा प्रश्न सुटला की त्याला गाणं म्हणावंसं कसं वाटतं. खेळ संपला की जिन्यात उभा राहून बोलायचा, संध्याकाळी फोनवर बोलायचा. आणि मधेच थांबून विचारायचा, "तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं! मला रडायलाच यायचं. फोन कानाशी धरून मी गच्चीवर उभी राहायचे आणि काय भाजी केली, कुठली साडी नेसले, असलं काहीबाही सांगत सुटायचे. तो ऐकायचा. मी घरात गुणगुणायला लागले. आई चमकून बघायची, विचारायची नाही. मला तो आवडायला लागला होता, हे मी कशाला आडून सांगू? लय आवडायला लागला होता.

वहिनींच्या माहेरी लग्न होतं, मंठ्याकडं. मास्तरलाही बोलावलं होतं. परत येताना दादानं देवगाव फाट्यावर चहाला गाडी थांबवली आणि नवरा-बायको दोघंही "भजी बघून येतो" म्हणून जे गायब झाले ते बराच वेळ आलेच नाहीत. वहिनींचा कारभार, दुसरं काय. टपरीपुढच्या बाकड्यावर आम्ही दोघंच. ट्रक जात होते, धूळ चहात पडत होती. मास्तर म्हणाला, "आईला आणि मामाला तुझ्या घरी पाठवू का?" त्याचे वडील नव्हते, घरात शब्द मामाचा.

मी म्हणाले, "आधी माझी हकीकत ऐक. खेळातली नाही, माझी." माझं लग्न मोडलेलं आहे एवढं त्याला एव्हाना कळलं होतं, आणि तो बिचारा कधी खोदून विचारत नव्हता. मी सगळं सांगितलं. ग्लास, चप्पल, "तिला म्हणावं, चहा दे." सांगताना मी त्याच्याकडं बघत नव्हते, समोरच्या पाटीकडं बघत होते. संपल्यावर वाट बघितली. आता विचारेल, मग?

त्यानं विचारलं नाही. चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "पटलं मला."

गाडीत मी खिडकीशी बसले होते. वहिनी वळून वळून बघत होत्या आणि मी बाहेर तोंड करून रडत होते. सुखानं. इतक्या दिवसांत एका माणसाला पटलं होतं.

मग पाव्हणे आले. आईनं शेवयांची खीर केली, चादर बदलली, मला सतरा सूचना दिल्या. मास्तरही आला होता, कडेच्या खुर्चीवर बसला. त्याची आई साधी, हसऱ्या तोंडाची. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "गार हायत गं हात." मला वाटलं, जमलं.

मामानं गाव विचारलं, आमचे मामा विचारले, आत्या कुठं दिली ते विचारलं. ओळखी निघाल्या. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बाई, राग नको मानू. इचारावं लागतं. तिथून कामून आलीस?"

"ते माझ्याशी बोलत नव्हते."

"बरं. अन् दुसरं?"

"दुसरं काई न्हाई."

"पीत व्हता?"

"न्हाई."

"हात उचलायचा?"

"न्हाई."

आई घाईघाईनं म्हणाली, "सासूचा लय जाच व्हता वो पाव्हणे, पोरगी सांगंना."

मी गप्प बसले असते तर निभावलं असतं. मामांची मान हलायलाही लागली होती. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या तेलाची वाटी घेऊन बसलेल्या सासूबाई आल्या. मी म्हणाले, "नव्हता. आई उगंच म्हणायलीय. त्या लय चांगल्या होत्या."

मास्तरच्या आईनं माझा हात हळूच सोडला. "माय," ती म्हणाली, अगदी मायेनं म्हणाली, "माणूस उगंच कसा न बोलंल? काईतरी असंलच की."

मी मास्तरकडं बघितलं. आता तो म्हणेल, मला माहीत आहे, मला पटलंय. तो खिरीच्या वाटीकडं बघत होता. बोलणी पुढं न्यायची नसली की आमच्याकडं पाव्हणे गोडाला हात लावत नाहीत. मामांनी वाटी बाजूला सारली, त्याच्या आईनंही सारली. मास्तरनं चमचा उचलला, दोघांकडं बघितलं आणि परत ठेवला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मी गच्चीवर गेले.

"अगं, अजून काही बिघडलं नाही," तो म्हणाला. "मामाला मी सांगतो, तो प्यायचा म्हणून. लाजेनं बोलली नाही म्हणतो. तू फक्त हो म्हण. त्यांना काहीतरी कारण पाहिजे गं."

"पण तो पीत नव्हता."

"माहीत आहे. खेळात नाही का तू राक्षस केलास त्याला? तसंच. एकदा सांगायचं आणि संपलं."

"तो खेळ होता. आणि हा माणूस परभणीत राहतो, कामाला जातो, त्याला मी दारुड्या म्हणू? सासूबाईंच्या कानावर गेलं तर?"

मग मी ते विचारलं, जे मी विचारायला नको होतं असं नाही, विचारायलाच पाहिजे होतं. "तुला पटलंय ना? फाट्यावर म्हणालास."

"पटलंय की."

"नीट सांग."

मग तो म्हणाला, "मला वाटलं, लग्न झाल्यावर सांगशील कधीतरी."

"काय सांगेन?"

"जे असेल ते. मी काही म्हणणार नव्हतो गं. काहीही असतं तरी मी चालवून घेतलं असतं."

चालवून घेतलं असतं! मी काय बोलले मला आठवत नाही. बहुतेक मोठ्यानं बोलले, कारण शेजारच्या गच्चीवरची बाई कपडे काढायचं सोडून बघत राहिली. मामाचं मला काही वाटलं नाही. त्याच्या आईचंही नाही. त्या माउलीनं मला तोंडावर विचारलं तरी. पण हा फाट्यापासून माझ्याशेजारी बसून वाट बघत होता, की ही खरं कधी सांगते.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मी केला, तर वाजून वाजून बंद पडला. परत केला. मेसेज पाठवला, "रागावलास का?" त्यानं वाचला. रस्त्यात एकदा समोरासमोर आलो तर त्यानं मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी, आणि मेडिकलच्या पायरीवर चढून दादाशी बोलायला लागला. मोकळं, हसून.

रविवारी वहिनी म्हणाल्या, "ताई, आज नका येऊ." मी म्हटलं, का नको? मी काय पाप केलंय? साडी बदलली, केस विंचरले आणि गेले. माझ्या मनात एकच होतं. खेळ चालवणाऱ्याला बोलावंच लागतं. त्याशिवाय खेळ पुढं जात नाही. माझी पाळी आली की त्याला माझ्याशी बोलावं लागेल, आणि एकदा तोंड उघडलं की भांडू, रडू, काहीतरी होईल. मला भांडायला चाललं असतं.

आम्ही एका दरीपाशी होतो. मास्तर सांगत होता, दोराचा पूल आहे, पलीकडं दार आहे, खालून वारा येतोय. छान सांगत होता, नेहमीसारखं. दादाकडं बघून सांगत होता. दादाचा योद्धा पूल ओलांडून गेला. वहिनींचा बुटका शिव्या देत ओलांडून गेला; मास्तर हसला, दाढी दोरात अडकली म्हणाला. मग माझी पाळी आली.

"माझी तिरंदाज पूल ओलांडते," मी म्हणाले.

तो कागदाकडं बघत राहिला. मग मान वर करून वहिनींना म्हणाला, "वहिनी, त्यांना म्हणावं, फासा टाका."

मी त्याच्याकडं बघितलं. मला राग दिसायला पाहिजे होता त्याच्या तोंडावर, निदान लाज तरी. काही नव्हतं. स्वच्छ चेहरा होता. वाईट माणूस नव्हता तो, आजही मी म्हणणार नाही. त्याला विचारलं असतं, का रे बोलत नाहीस, तर त्यालाही सांगता आलं नसतं.

"मास्तर," मी म्हणाले, "आता पटलं?"

दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मास्तर वहिनींकडंच बघत होता. मी फासा टाकला, तो टेबलावरून खोक्यांमागं गेला, आणि तो किती पडला हे बघायला मी थांबले नाही. जिन्यात चप्पल घालताना वरती वहिनींचा रडका आवाज ऐकू आला. माझ्या तिरंदाज बाईचं पुढं काय झालं मला माहीत नाही.

घरी आई ओसरीत शेंगा फोडत बसली होती. माझं तोंड बघून तिचे हात थांबले.

"काय झालं गं?"

"आई, तो माझ्याशी बोलत न्हाई."

मी उभीच होते. मला वाटलं, आता विचारेल. मग? अन् दुसरं? तू काय बोललीस?

आईनं सूप बाजूला सारलं. पदरानं हात पुसले, मला हाताला धरून खाली बसवलं आणि माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "न्हाई का गं बोलत," एवढंच म्हणाली. पुढं तिनं काही विचारलं नाही.